मिठाची फळी

डेल्फिना : नाही उपटायची म्हणजे नाही उपटायची. तुमची द्राक्षबाग चांगली आहे, मला आवडते. ह्यात न समजण्यासारखं काय आहे, पापा?

एवाझ्यो : सगळंच! चौतीस वर्षांची झालीस. म्हटलं, ह्या सान मार्तिनोच्या सणाला पोरीला काहीतरी घसघशीत द्यावं. आख्खं पोकलेन आणून बागेच्या तोंडाशी उभं केलं, ड्रायव्हरसकट. आणि तू म्हणतेस, आवडते!

डेल्फिना : लोक मुलीला कानातलं देतात.

एवाझ्यो : कानातल्यानं वेल मुळासकट निघते का? ते राहू दे, तू ढवळ. लसूण खाली लागेल.

डेल्फिना : ढवळतेच आहे. त्या इंजिनानं सकाळपासून घरातली एकूण एक वस्तू थरथरतेय. कपाटात ग्लास वाजताहेत. पातेल्यातले खारवलेले मासे पुन्हा पोहायला लागलेत.

एवाझ्यो : थरथरू दे. शहाऐंशीतही असंच झालं होतं. हेच ग्लास, हेच मशीन आणि हाच तुल्यो. ये रे, आत ये!

तुल्यो : बूट चिखलाचे आहेत.

डेल्फिना : असू देत, या तुल्योकाका. पण मशीन बंद करून या ना.

तुल्यो : बंद केलं तर परत सुरू होत नाही. मागच्या वर्षी एकदा बंद केलं, तर नाताळ संपेपर्यंत होतं तिथंच उभं राहिलं. बायकोनं त्याच्यावर दिव्यांची माळ सोडली. एवाझ्यो, उपटायचंय की नाही ते एकदा सांग. मला इथनं पाद्रीबाबांकडं संडासाची टाकी खणायला जायचंय, आणि ते काम थांबण्यातलं नाही.

एवाझ्यो : उपटायचंय. फक्त हिनं हो म्हणायचंय. तोवर बस, रश्शात बुडवायचे हे देठ सोल.

तुल्यो : तूच म्हण की हो. बाग तुझी.

एवाझ्यो : मी म्हणून कसं चालेल? माणसानं स्वतःची बाग स्वतः उपटली तर त्याला वेड म्हणतात. पोरानं उपटली तर परंपरा. आम्ही गेर्लोने घराण्यातले आहोत, तुल्यो. ह्या मोन्फेर्रातोच्या टेकड्यांत बाकीच्या घरांत बाप जे करतो ते पोरगा करतो. आमच्याकडं पोरानं काहीतरी नवीन करायचं, बापानं चिडायचं, टेबल सोडायचं, आणि उठताना वाईनच्या तळघराची किल्ली टेबलावर आपटायची, की कारभार पोराचा. माझ्या आजीनं रांगा उतारावर आडव्या लावायच्या सोडून उभ्या लावल्या, तेव्हा तिचा सासरा खाट उचलून गोठ्यात राहायला गेला.

डेल्फिना : तीन वर्षं राहिला. वजन वाढलं त्याचं.

एवाझ्यो : पण किल्ली दिली! चार पिढ्या असंच चाललंय. म्हणून तर आमचं नाव झालं. म्हणून तर इथून समुद्रकाठपर्यंत आणि तिथून थेट एत्नाच्या ज्वालामुखीपर्यंत आमचे मळे आहेत. कुठल्या तरी बापाला राग आला, आणि एक मळा वाढला.

डेल्फिना : बरं, मग मी दुसरं काहीतरी नवीन करते. वाईनच्या बाटल्या समुद्रात बुडवून ठेवते.

एवाझ्यो : झालंय ते. समुद्रकाठच्या मळ्यात मीच केलं. तीनशे बाटल्या तळाला सोडल्या. वर्षानं पाणबुड्या पाठवला, तर एका ऑक्टोपसनं त्या आपल्या बिळाभोवती ओळीनं रचून ठेवलेल्या. इतकं नीटनेटकं काम होतं की मोडवेना. अजून तिथंच आहेत.

डेल्फिना : मातीच्या रांजणात घालून ज्वालामुखीच्या राखेत पुरते.

एवाझ्यो : एत्नावर पुरलेत. कुठं पुरलेत, ते नंतर एत्नानं बदललं.

डेल्फिना : वेलींना संगीत ऐकवते.

तुल्यो : ते मी बघितलंय. गावचा बँड आणला होता ह्यानं, ऐन फुलोऱ्यात. तुतारीवाल्याला ऊन लागलं आणि तो वेलींत पडला.

एवाझ्यो : त्या वेलीला त्या साली सगळ्यांत जास्त घड लागले. पण दर वर्षी पडायला तो तयार होईना.

डेल्फिना : म्हणजे ह्या घरात नवीन असं काही शिल्लकच ठेवलेलं नाही तुम्ही लोकांनी. मग माझं नवीन हेच, की मी नवीन काही करणार नाही. जे आहे ते सांभाळीन. छाटणी करीन, वाईन करीन, विकीन आणि झोपीन.

एवाझ्यो : ह्याचा मला राग येत नाही, डेल्फिना. ह्याचं मला वाईट वाटतं. नियम रागाचा आहे.

तुल्यो : थोडा प्रयत्न करून बघ ना. मी आजच्या दिवशी कशाचाही राग आणू शकतो.

एवाझ्यो : केला. काल रात्रभर आरशासमोर उभा होतो. येत नाही. फुल्व्योचा मात्र चटकन आला.

डेल्फिना : आला का फुल्व्योचा विषय? मला वाटलंच, अजून तो कसा निघाला नाही.

तुल्यो : फुल्व्यो म्हणजे तुझ्या बहिणीचा? तो डोळ्यांवरचा चष्मा डोक्यावर घालून फिरतो तो?

एवाझ्यो : तोच. त्यानं वाईनची पावडर काढलीय. पुडी फाडायची, पाण्यात टाकायची, ढवळायची. फोनवर सांगितलं त्यानं, आणि मला असा राग आला, असा राग आला! किती दिवसांनी बरं वाटलं. दुपारी तो जेवायला येतोय. जेवण वाढेपर्यंत हिनं काही केलं नाही, तर किल्ली त्याला.

डेल्फिना : आणि बाग?

एवाझ्यो : बागेच्या जागी तो पावडरीचा कारखाना काढणार. म्हणजे बाग जायची ती जाणारच आहे, पोरी. तू उपटलीस तर तुझी होऊन जाईल, नाहीतर त्याची होऊन.

डेल्फिना : म्हणजे मी तुमची बाग वाचवायची असेल, तर मला ती उपटायला हवी.

एवाझ्यो : आता कसं बोललीस!

डेल्फिना : तुल्योकाका, तुम्हाला हे पटतंय का?

तुल्यो : मी पोकलेन चालवतो. मला पटायचा प्रश्न येत नाही. पण डिझेल जळतंय.

डेल्फिना : पापा, ती भिंतीवर फळी कसली ठोकलीत? काल नव्हती.

एवाझ्यो : मिठाची.

डेल्फिना : मिठाची.

एवाझ्यो : मी तयारीत आहे. बघ, खुर्ची पण वळवून ठेवली. तुझे आजोबा बसायचे तिथंच, भिंतीकडं तोंड करून. त्यांची अडचण व्हायची मिठाची. माझ्याशी बोलायचं तर नाही, आणि मीठ तर इकडं टेबलावर. म्हणून मी फळीच ठोकली. मीठ, मिरपूड, दात कोरायच्या काड्या. आणि वर हा छोटा आरसा.

डेल्फिना : आरसा कशाला?

एवाझ्यो : तुम्ही पाठीमागं काय करता ते दिसायला नको?

डेल्फिना : गंमत वाटते तुम्हाला. मीठ मागायचं कुणाला, माहितेय? मला. "डेल्फिना, तुझ्या बापाला म्हणावं मीठ दे." "डेल्फिना, तुझ्या आजोबांना म्हणावं रस्सा आळणी नाहीये." पाय जमिनीला टेकत नव्हते माझे खुर्चीवरून, आणि मी तुम्हा दोघांचं पोस्ट ऑफिस होते. शाळेत बाईंनी विचारलं, घरी किती जण? मी म्हटलं, चार, पण त्यातले दोन एकमेकांना दिसत नाहीत. मला ते परत नकोय, पापा. तुम्ही तिकडे तोंड करून बसणार, मी इकडे. आणि मधे आता कोण? मला तर मूलही नाही निरोप द्यायला.

एवाझ्यो : त्याचा विचार केलाय मी. तुल्यो येत जाईल.

तुल्यो : मला कुणी विचारलं नाही.

एवाझ्यो : आणि तुला वाटतं मला हौस आहे? मी काय केलं होतं माहितेय ना? तुझ्या आजोबांची ग्रिन्योलीनो होती त्या टेकडीवर. हट्टी जात. एकाच घडात अर्धे मणी पिकलेले, अर्धे हिरवे. मण्यात गरापेक्षा बिया जास्त. वाईन काढली तर फिक्कट, पाणी घातल्यासारखी, आणि पिणाऱ्याच्या अंगावर धावून जाणारी. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. सगळी उपटली, परदेशी काबेर्ने लावली. फ्रान्सहून छोटी लाकडी पिंपं आणली. आजोबांनी किल्ली आपटली आणि खुर्ची फिरवली. मला वाटलं, होईल वर्षा-दोन वर्षांत. एकोणीस वर्षं! गेले तेव्हासुद्धा तोंड भिंतीकडंच होतं.

डेल्फिना : दवाखान्यात पलंगच तसा लावलेला होता.

एवाझ्यो : तो भाग वेगळा. माझ्या वाईनला कुठून कुठून मेडलं आली. पंचवीस देशांत लोकांनी ग्लास फिरवून, नाक खुपसून कौतुक केलं. ह्या घरात माझ्या बापानं एक थेंब तोंडाला लावला नाही. मला एकदा त्या खुर्चीत बसून बघायचंय, एवढंच. तिथून काय दिसत होतं त्यांना, ते.

डेल्फिना : भिंत दिसत होती, पापा.

तुल्यो : ...मी बाहेर जाऊन तेल बघून येतो.

एवाझ्यो : आत्ताच तर बघितलंस.

तुल्यो : मग पाणी बघतो.

डेल्फिना : तुल्योकाका, तुम्ही एकच देठ किती वेळ सोलताय? काय झालं?

तुल्यो : काही नाही. मला सांगायची परवानगी नाही.

एवाझ्यो : कुणाची?

तुल्यो : कार्लिनची.

एवाझ्यो : माझ्या बापाची? त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली!

तुल्यो : म्हणून काय झालं? शब्द दिलाय. "एवाझ्यो मेला की मग त्याला सांग" असं म्हणाला होता. आता तू काही मरत नाहीस, त्याला मी काय करू?

एवाझ्यो : मी मेल्यावर मला कसा सांगणार होतास?

तुल्यो : तेवढा विचार कार्लिननं केला नव्हता. त्या दिवशी त्याला घाई होती. कोंबड्यांना दाणे घालायचे होते.

डेल्फिना : कुणाच्या कोंबड्यांना?

तुल्यो : माझ्या. दर रविवारी यायचा तो, पाद्रीबाबांचा मोठा घंटानाद झाला की. तुम्हाला वाटायचं चर्चमध्ये आहे. एवाझ्यो, शहाऐंशी आठवतंय तुला? मी पुढं रांग उपटत होतो, म्हातारा मागं मागं काड्या गोळा करत होता.

एवाझ्यो : सरपण नेत होता. मी हसलो पण होतो. म्हटलं, बघा, बागेचं सरपण तरी झालं.

तुल्यो : सरपण नव्हतं ते. त्यानं त्या माझ्या खुराड्यामागं लावल्या. अकरा जगल्या. अजून आहेत. कोंबड्या सावलीला बसतात, द्राक्षं पिकली की खातात, बिया थुंकत नाहीत. छाटायला कार्लिन स्वतः यायचा. आणि येताना कोटाखाली बाटली आणायचा.

एवाझ्यो : कसली बाटली?

तुल्यो : तुझी. तुझ्या तळघरातली. दर सालची एक.

एवाझ्यो : किल्ली तर माझ्याकडं होती!

तुल्यो : आपटायच्या आधी दुसरी करून घेतली होती त्यानं. तुझा बाप होता तो.

डेल्फिना : आणि बाटलीचं काय करायचे?

तुल्यो : प्यायचो. अर्धी तो, अर्धी मी. मग तो खिशातून पेन्सिल काढायचा आणि बुचावर मार्क लिहायचा. शाळेतल्यासारखे, दहापैकी. डबा आहे माझ्याकडं बुचांचा. आज परत ह्या टेकडीवर यायचं म्हणून केबिनमध्ये टाकून आणला, सीटखाली. कशाला आणला, मला पण माहीत नाही.

एवाझ्यो : किती दिले?

तुल्यो : आधी डबा आणू का?

एवाझ्यो : तुल्यो! किती?

तुल्यो : नव्वदला तीन.

एवाझ्यो : तीन!

तुल्यो : "ह्या लाकडाचं टेबल करायचं असतं, वाईन नाही" म्हणाला. एक्क्याण्णवला तीनच. ब्याण्णवला गैरहजर.

डेल्फिना : गैरहजर म्हणजे?

तुल्यो : एक घोट घेतला आणि म्हणाला, ह्या वर्षी पोरगा घरी नव्हता.

एवाझ्यो : ...नव्हतोच. तोडणीच्या वेळी मी सिसिलीत मळा बघत फिरत होतो. सगळं मजुरांवर टाकलं होतं. हे कुणालाच कळलं नव्हतं. त्या सालाला मेडल मिळालंय!

तुल्यो : पंच्याण्णवला साडेचार. शहाण्णवला साडेपाच. तेव्हा पेन्सिलीला दोनदा टोक केलं होतं.

एवाझ्यो : आणि सत्त्याण्णव?

तुल्यो : सहा.

एवाझ्यो : सहा.

डेल्फिना : सहा म्हणजे पास, पापा.

एवाझ्यो : मला माहितेय सहा म्हणजे काय! मीही इथल्याच शाळेत होतो. गणितात मला कधी सहा पडले नाहीत. अठ्ठ्याण्णवला?

तुल्यो : सहा उणे. "पास झाल्याबरोबर आळशी झाला" म्हणाला. सहाच्या वर कधी गेलाच नाही. मीच एकदा म्हटलं, कार्लिन, सात दे की. तर म्हणाला, सात दिले तर मला खुर्ची वळवावी लागेल, आणि आता मान आखडलीय.

डेल्फिना : तुल्योकाका, त्या अकरा वेली धड आहेत? रोग वगैरे?

तुल्यो : ठणठणीत. खत जागच्या जागी मिळतं ना.

डेल्फिना : मग पापा, मला सुचलं.

एवाझ्यो : थांब गं जरा. सहा म्हणाला. सत्त्याण्णवला पाऊस लवकर थांबला होता, मी घड अर्धे खुडून टाकले होते...

डेल्फिना : ऐका तर. मी बाग उपटणार नाही. जानेवारीत काकांच्या खुराड्यामागून आजोबांच्या काड्या काढते, ओल्या वाळूत ठेवते. एप्रिलमध्ये तुमच्या वेलींवर कलम करते.

एवाझ्यो : हां. म्हणजे माझी काबेर्ने डोक्यापासून कापायची, मुळं माझी ठेवायची आणि वर आजोबांची ग्रिन्योलीनो. वा! चांगलं आहे. बापाचा अपमान आहे त्यात. कर.

डेल्फिना : पूर्ण नाही कापायची. प्रत्येक वेलीला दोन ओलांडे आहेत ना, खोडातून निघालेले दोन हात? डावा तसाच ठेवायचा, तुमचा. उजव्यावर आजोबांचं कलम. एकाच खोडावर तुम्ही दोघं. शेजारी शेजारी, एकमेकांशी न बोलता.

एवाझ्यो : ...प्रत्येक वेलीवर?

डेल्फिना : आख्ख्या टेकडीवर. आणि वाईन दोन्हींची एकत्र. एकाच टाकीत.

एवाझ्यो : हे बघ, असं कोणी करत नाही. ती सप्टेंबरात पिकते, माझी ऑक्टोबरात!

डेल्फिना : दोनदा तोडणी करू.

एवाझ्यो : एकाच वेलीची? मजूर काय म्हणतील? एक हात तोडायचा, एक सोडायचा? आणि फवारणी? आणि लेबलवर काय लिहिणार? ह्याला कायद्यात नाव नाही!

डेल्फिना : नाव नंतर बघू.

एवाझ्यो : नंतर बघू! ती काबेर्ने अडतीस वर्षांची आहे! आत्ता कुठं तिला कंठ फुटलाय! तू तिचा एक हात तोडून त्यावर ती बियांची पिशवी बांधणार? कोंबड्यांनी वाढवलेली? आणि ते फिक्कट, तिखट पाणी माझ्या वाईनमध्ये ओतणार? माझ्या? त्या वाईनला सहा मिळालेत! सहा! माझ्या बापानं दिलेत!

तुल्यो : चिडला.

डेल्फिना : खरंच चिडलेत? की नाटक?

तुल्यो : कान बघ. शहाऐंशीत कार्लिनचे अस्सेच झाले होते.

एवाझ्यो : उपटली असतीस तरी चाललं असतं! उपटणं म्हणजे निदान काहीतरी स्वच्छ! हे म्हणजे... हे म्हणजे बापाला जिवंत ठेवून त्याच्या खांद्यावर आजोबा बसवणं! मी बघणार नाही हे. मी ह्या टेबलावर बसणार नाही. तुल्यो, तिला सांग, ही घे किल्ली!

तुल्यो : ही घे किल्ली.

डेल्फिना : टेबलाला खड्डा पडला, पापा.

एवाझ्यो : आणि तिला सांग, मी तिच्याशी बोलत नाहीये.

तुल्यो : आणि तो तुझ्याशी...

डेल्फिना : ऐकलं मी.

तुल्यो : मला पूर्ण तर करू दे. पहिलाच दिवस आहे माझा. तो तुझ्याशी बोलत नाहीये.

एवाझ्यो : आणि हसू नकोस म्हणावं. आरशात दिसतंय मला.

(बाहेर इंजिन दोनदा खोकतं आणि बंद पडतं. कपाटातले ग्लास वाजायचे थांबतात.)

तुल्यो : गेलं. आता नाताळपर्यंत इथंच.

डेल्फिना : आणि पाद्रीबाबांची टाकी?

तुल्यो : पाद्रीबाबा प्रार्थना करतील. माळ आणतो मी घरून, दिव्यांची. आणि डबा पण घेतो सीटखालचा.

डेल्फिना : आधी जेवा. फुल्व्यो आला की त्याला सांगू, पुड्या परत ने, पण बसून जेव. बान्या काउदा, हा मासे-लसणाचा रस्सा, सहा जणांना पुरेल एवढा केलाय. मासे आता शांत झालेत.

एवाझ्यो : तुल्यो, तिला म्हणावं, मीठ दे.

डेल्फिना : समोरच आहे म्हणावं. फळीवर.

तुल्यो : समोरच आहे म्हणते. फळीवर.

एवाझ्यो : दिसतंय. तिला म्हणावं, फळीवर मिठाशेजारी जागा आहे अजून थोडी. एक बूच मावेल एवढी.